ह्यांच्यासाठी

"हे जड पडेल तुम्हाला," प्रभाकर म्हणाला आणि रिव्हॉल्व्हर त्याने काचेखाली परत ठेवलं.

अरुंधतीने मान हलवली. तिच्या डाव्या गालावर निळा डाग होता, कडेने पिवळा पडलेला. डाव्या हाताची दोन बोटं पट्टीत होती. बाई खांदा कॉलनीत राहायची, शाळेत गणित शिकवायची. साल ब्याण्णव; लायसन कोरं, तिच्याच नावावर होतं. सहा महिने ती रायफल क्लबात नेमबाजी शिकत होती. तिथलं पिस्तूल दहा हातांतून फिरायचं, म्हणून आता तिला स्वतःचं हवं होतं.

पनवेलच्या लाइन आळीत प्रभाकरचं दुकान तीस वर्षांचं. गिऱ्हाईक म्हणजे शेतराखणीला बंदूक घेणारे बाप्ये. पिस्तूल मागायला आलेली ही पहिलीच बाई. प्रभाकरला कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोला?

"पहिलं घ्यायचं तर पॉइंट टू टू घ्या," तो म्हणाला. "धक्का कमी. पुठ्ठ्यावरचं भोक बघून आपली चूक कळते, हात सुधारतो. मोठं घेतलं की माणूस बार निघायच्या आधीच डोळे मिटतो."

त्याने दोन पिस्तुलं कापडावर मांडली, एक लांब नळीचं, एक आखूड. अरुंधतीने आखूड उचललं, नळी भिंतीकडे धरली, आत गोळी नाही याची खात्री केली आणि मगच हात सरळ केला. हात जरासुद्धा हलला नाही.

"नेमबाजीला लांब नळीचं बरं, ताई."

"काका, हे जवळून कसं लागतं?"

"जवळून म्हणजे? क्लबात पंचवीस मीटर असतं."

"तीन-चार मीटर. समजा, खोलीत."

प्रभाकरने चष्मा वर सरकवला. "खोलीत पुठ्ठा लावणार?"

"सराव म्हणून, काका."

"घरी कोण कोण असतं?"

"हे असतात. दोन महिने झाले, कामावर जात नाहीत. दिवसभर घरीच." तिने आवाज खाली आणला. "ह्यांना कळता कामा नये. ह्यांच्यासाठीच घेतेय मी."

झालं! रिकामटेकडा नवरा, फुटलेला गाल, मोडलेली बोटं. आणि म्हणे सराव!

त्याची धाकटी बहीण चंद्रावती. अकरा वर्षं तिने नवऱ्याचा मार खाल्ला. एका सकाळी तो जेवायला बसला असताना तिने कोयत्याचे सात वार केले. मान अर्धी तुटून लोंबत होती, ताटातला भात लाल झाला होता. तेव्हापासून ती येरवड्याच्या तुरुंगात होती. ती मार खाते हे प्रभाकरला ठाऊक होतं. पण दुसऱ्याच्या संसारात नाक कशाला खुपसा, म्हणून त्याने एकदाही विचारलं नव्हतं. त्या गोष्टीची लाज त्याला रोज वाटायची.

आताही तोंडावर विचारणं त्याला जमलं नाही. नाही विकलं तर ही मुंबईला जाऊन घेईल. तेही नाही जमलं तर घरात कोयता असतोच.

"शनिवारी या," तो म्हणाला. "चाप घट्ट आहे, सैल करून ठेवतो."

"आज नाही मिळणार? शनिवारपर्यंत..." ती थांबली. "बरं."

ती गेल्यावर प्रभाकरने शटर अर्धं ओढलं आणि पिस्तूल उघडलं. गोळीच्या बुडावर आदळणारी बारीक कांडी असते. तिचं टोक त्याने कानशीने घासून टाकलं. आता चाप ओढला की नुसतं टक वाजणार, बार निघणार नाही. क्लबात नेलंच तर बाई शिव्या घालत परत येईल, तेव्हा नवी कांडी बसवून देऊ. तोवर डोकं थंड झालेलं असेल. त्या दिवशी प्रभाकरला जेवण गोड लागलं.

शनिवारी तिने पिस्तूल आणि गोळ्यांची डबी पर्समध्ये टाकली आणि वाकून नमस्कार केला.

"शांत डोक्याने वाग, पोरी," प्रभाकर म्हणाला.

मंगळवारी हवालदार तुळशीराम दुकानात आले. हातात पिशवी, पिशवीत तेच पिस्तूल. मागे कुबड्यांवर एक माणूस होता, पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये.

"हे सत्यजीत. त्या अरुंधतीबाईंचे मिस्टर," तुळशीराम म्हणाले. "पिस्तूल तुमच्याकडचं. चाललंच नाही म्हणतात. साहेबांनी विचारलंय, का?"

नवरा जिवंत! प्रभाकरला रडूच यायचं बाकी राहिलं. मग त्या माणसाचं तोंड बघून त्याची तळपायाची आग मस्तकात गेली.

"का म्हणजे? मी कांडी घासली म्हणून! लिहून घ्या हवालदार, मी भीत नाही. अहो मिस्टर, बायकोचा गाल फोडता, बोटं मोडता, लाज नाही वाटत? तुमचा जीव माझ्यामुळे वाचला. आणि तिला सोडा, हवालदार. तिच्या हातून कुणी मेलेलं नाही!"

तुळशीरामांनी पिशवी काउंटरवर ठेवली. सत्यजीतने काउंटरला टेकून कुबडी सावरली.

"तळोज्यातला एक कारखाना विष खाडीत सोडतो. तशी साक्ष द्यायची होती मला," तो म्हणाला. "सहा महिने कारखान्याच्या गुंडांच्या धमक्या येत होत्या. माझा पाय त्यांनी मोडला, तिचा गाल फोडला, बोटं मोडली, तीही त्यांनीच. तिनं पिस्तूल घेतल्याचं मला माहीतसुद्धा नव्हतं. रविवारी दुपारी चौघं तलवारी घेऊन घरात घुसले. तिनं मला मोरीत ढकललं आणि स्वतः दारात उभी राहिली. शेजारी जमेपर्यंत ते तिला तोडत होते, काका, आणि ती चाप ओढत होती."