खोटे न बोलणारा काटा

सुज्ञ वाचकहो, सूक्ष्म जंतूंनी सोडलेल्या वायूने यंत्राचा काटा हलतो, या सत्याची जी प्रचिती घोटीच्या यशोदाबाईंस नाशिक मुक्कामी आली, ती येथे यथामती निवेदन करीत आहे.

इसवी सन एकोणीसशे एकोणऐंशी. गंगापूर रोडवरील एका दवाखान्यात यशोदाबाईंची सून चांगुणा तापाने फणफणत होती. सातवा महिना. दुखणे लघवीतील जंतूंचे की अन्य, हे कळल्यावाचून तिला जहाल औषध देण्यास डॉक्टर लताबाई धजेनात. आणि विलंब झाल्यास पोटातील जीवास धोका.

कॉलेजात रसायनशास्त्र शिकविणाऱ्या पुंजाराम गांगुर्डे सरांनी स्वहस्ते बांधलेले यंत्र मेजावर होते. उबदार पाण्यात बाटली, बाटलीत दोन तारा. जंतू जिवंत असल्यास वायू सोडणार, तारांत वीज उमटणार, काटा सरकणार. परंतु घोटीहून पहाटे येताना सोबत आणलेली चांगुणाची लघवी सकाळपासून आत असूनही, दुपार टळली तरी काटा निश्चल.

"सर, पेशंट तापलीय आणि तुमचा काटा वामकुक्षी घेतोय!" लताबाई म्हणाल्या.

"जंतूच नसतील," सर क्षीण स्वरात उत्तरले.

यशोदाबाईंचा ऊर अभिमानाने भरून आला. "कुठून असतील? आमच्या घरात तसली घाण नाय. बाटली म्या सोता उकळत्या पाण्यात धरली व्हती, आतल्या मालासकट! एष्टीत नासू नये म्हणून. दुधाला न्हाय का आपण उकळी देत?"

मग सर मोठ्याने हसले.

"मावशी, जंतू मारून आणलेत तुम्ही! काटा खरंच सांगत होता."

यशोदाबाईंचा चेहरा उतरला. पदर तोंडास लावून त्या सुनेच्या खाटेशी जाऊन बसल्या. चांगुणाकडून पुन्हा लघवी घेतली गेली. रात्र सरली. सकाळी सरांनी यशोदाबाईंस हाताला धरून यंत्रापुढे नेले. काटा उजवीकडे पुरता कलला होता. लताबाईंनी कौतुकाने सरांकडे पाहिले आणि इंजेक्शन भरावयास घेतले.

तिसऱ्या दिवशी चांगुणाचा ताप उतरला. व्हरांड्यात नांदगावची एक बाई पदराआड बाटली धरून संकोचून बसली होती. "त्या यंत्राला खरंच कळतं का हो?" तिने विचारले.

यशोदाबाई ताठ बसल्या.

"अगं, त्यानं मला पकडलं! जंतूंची काय कथा!"

आपण येथवर सोबत केलीत, याबद्दल सहादू विठोबा भोर, मुक्काम घोटी, आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.