सासऱ्यांची पाठ

शेलार गावात आमच्या घरामागे पूर्वी खडूची गिरणी होती. शाळेच्या खडूंसाठी तिथं पांढरा दगड दळायचे. सासरे तिथंच कामाला. संध्याकाळी ते पिठात लोळल्यासारखे पांढरे होऊन यायचे आणि दाराकडे पाठ करून अंगणात उभे राहायचे. सासूबाई पंच्यानं त्यांची पाठ झटकायच्या. पाठ झाली की ते हसत वळायचे, मग पुढची बाजू. तोवर घरात पाऊल नाही.

हे सगळं माझं ऐकलेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि गिरणीच्या जागी गोडाऊन उभं होतं.

सासूबाई मात्र रोज दिवेलागणीला अंगणात जाऊन हवेत पंचा झटकायच्या. जुनी सवय म्हणून घरात कुणी काही बोलायचं नाही. तो पंचा धुताना बादलीतलं पाणी दुधासारखं व्हायचं, तेही मी कुणाला सांगितलं नाही.

काल त्यांचा खांदा आखडला. उंबऱ्यावर बसून म्हणाल्या, "हेमाली, आज तू झटक. त्यांना उभं न्हाय ठेवायचं, लय दमलेले असतात."

त्यांचं मन राखायला मी पंचा उचलला आणि हवेत मारला.

तो मध्येच अडला. धप्प आवाज झाला आणि माझ्या तोंडावर पांढरी धूळ उडाली.

मागून सासूबाई मायेनं हसल्या.

"झाली पाठ," त्या म्हणाल्या. "थांब, आता वळतील."