आठवं बदक

"अहो चित्रकार, सातच्या पानावर आठ बदकं आहेत!"

फोन भावजींचा होता, पण आवाज मोठा ठेवून बोलायची त्यांची सवय. त्यामुळे दाराशी कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या वहिनींनाही संपादकबाई स्वच्छ ऐकू येत होत्या.

भावजींनी कॉम्प्युटरवर चित्र उघडलं. तळं, काठ, बदकं. बोट लावून मोजलं. "सातच आहेत, मॅडम."

"आठ! माझ्या नातीला सापडलंय. कुठंय ते सांगत नाही, नुसती गालात हसते. अख्खं ऑफिस सकाळपासून त्या चित्राला नाक लावून बसलंय. दुपारी पुस्तक छपाईला जायचंय. चूक आहे की गंमत, तेवढं सांगा."

भावजींनी पुन्हा मोजलं. उलटीकडून मोजलं.

त्या एका कॉम्प्युटरमध्ये दोन बिऱ्हाडं होती. दोन ऑपरेटिंग सिस्टिम, एक वहिनींची आणि एक भावजींची. चालू केला की पडदा आधी विचारायचा, कोणाकडे जायचंय? भावजींनीच तशी वाटणी करून दिली होती. "एका म्यानात दोन तलवारी, वहिनी, आणि खणखणाट नाही!" असं म्हणून ते स्वतःवरच खूश झाले होते. सांगायचं राहिलं ते एवढंच, की वहिनींच्या बाजूनं त्यांचं काही दिसत नाही, त्यांच्या बाजूनं मात्र वहिनींच्या चित्रांचं कपाट सताड उघडं असतं. कुलूप होतं ते फक्त पुढच्या दाराला.

वहिनींना संशय आला घड्याळावरून. दोन्ही सिस्टिमचं वेळेच्या बाबतीत कधी पटायचं नाही. भावजी बसून उठले, की वहिनींच्या बाजूचं घड्याळ काही तास चुकलेलं असायचं. "छे, मी तर हातसुद्धा लावला नाही," भावजी म्हणायचे. मग एका दुकानात एक पुस्तक दिसलं. आतले ससे वहिनींचे, वर नाव भावजींचं.

वहिनी घरी आल्या. कोणाला काही बोलल्या नाहीत. अंकांचं पुस्तक काढायला बसल्या, आणि काढून झाल्यावर चित्रं त्याच कपाटात ठेवली.

"ऐकताय ना?" संपादकबाई म्हणाल्या.

"हो, हो. चूकच झाली असेल, मॅडम. काढून टाका ते."

"काढते की. पण कुठलं काढू?"

पाढा अडलेल्या पोरासारखे भावजी छताकडे बघू लागले. वहिनींनी शर्टाची बाही हळूच सरळ केली. हे बघायला त्या किती दिवस थांबल्या होत्या! घाई कशाला करायची?

भावजींनी फोनवर तळहात ठेवला. "वहिनी, जरा बघता का? तुमची नजर बारीक आहे."

"माझी? तुमच्या हातचं चित्र, भावजी. मी पामर काय सांगणार?"

"चेष्टा नको हो आत्ता."

"लहान मुलांना जमतं ते. नीट मोजा."

तळहाताखालून आवाज आलाच. "अहो, तुम्हीच काढलंय ना हे?"

भावजींनी हात काढला. पडद्यावर बोट टेकवून ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

वहिनी उठल्या. शर्ट खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि फोनकडे वाकल्या. "बाई, काठावर सातच आहेत. पाण्यातली मोजा."

पलीकडे कागदाची सळसळ. पुटपुटणं, "पाच, सहा, सात..." आणि मग एक किंकाळी. "अगं बाई! पाण्यात आठ! वर जागा रिकामी आणि खाली प्रतिबिंब! काढणारीनं कमाल केलीय..." संपादकबाई थबकल्या. "काढणारी म्हटलं का मी? कोण बोलतंय हे?"

वहिनींनी फोन उचलला आणि भावजींच्या तोंडासमोर धरला.

"त्या विचारताहेत, भावजी. सांगा त्यांना, कोण बोलतंय."