ब्रोमाइडचं शेवटचं पाकीट

सासरे जगदेवराव फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये गेले, दारावरचा लाल दिवा लागला आणि सायली हातातलं काम टाकून दाराकडे बघत राहिली.

काल झाडझूड करताना तिनं डार्करूममधल्या फळीवरचं काळं पाकीट बाहेर आणून उघडून पाहिलं होतं. भर दुपारी, खिडकीपाशी. आत नुसते कोरे कागद. होते तसे परत ठेवले. रात्री जेवताना नवऱ्याला सहज विचारलं, तर गजेंद्र म्हणाला, "तिकडे हात नको लावू. बाबाचा फोटो छापायचा ब्रोमाइडचा कागद आहे, शेवटचं पाकीट. उजेड लागला की कामातून गेला. फोटो धुवायच्या औषधात टाकला की काळाठिक्कर." सायली जेवण अर्धं टाकून उठली.

आणि आज नेमक्या जऊळक्याच्या गोजराबाई, परवाच जगदेवरावांना निरोप धाडून ठेवलेला फोटो न्यायला आल्या होत्या. उद्या त्यांच्या नवऱ्याचं, शालिकरामचं, वर्षश्राद्ध. सायलीच्या प्रिंटरवर दोन मिनिटांत फोटो निघाला असता, पण तो त्यांना नको होता.

"मशीनचा होता ना घरी," त्या म्हणाल्या. "एका उन्हाळ्यात पार उडून गेला, मानूस वळखू येत नाही. जगदेवभाऊनं काढलेला आमच्या लग्नातला फोटो पाह्य. चाळीस वर्सं झाले, जसाच्या तसा."

जगदेवरावांना तेवढंच हवं होतं. "शाई कागदावर बसते, बाई. ब्रोमाइडची चांदी कागदात मुरते," ते ऐटीत म्हणाले आणि जाता जाता सुनेला टोमणा मारून गेले, "तुया मशीनची शाई तं महिन्याची पंधरा दिवसांत संपून राह्यली!"

शाईचं ते कोडं सायलीलाही सुटत नव्हतं, पण सासऱ्यांशी वाद कोण घालणार? गजेंद्रनं जुन्या साऱ्या निगेटिव्ह कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या, तरी डार्करूम मोडायचं नाव काढलं नव्हतं. ती खोली होती म्हणून म्हातारा ताठ होता.

अर्धा तास झाला. सायलीनं काउंटर तीनदा पुसला. गोजराबाई दुकानाबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसल्या. त्यांची गावाकडची काळीपिवळी जीप चारला सुटायची होती. आत म्हातारा एकेक काळा कागद बाहेर काढत असेल. त्याला वाटेल, आपलाच हात गेला. हा विचार आला आणि सायलीला राहवेना. तिनं दार ठोठावलं.

"उघडू नको!" आतून आवाज आला. "कागद उघडा आहे, उजेड लागन!"

"मामाजी, जरा ऐका ना."

"पाच मिनिटं थांब. आता कुठी काळा रंग चढून राह्यला."

काळा रंग! सायलीला रडूच फुटलं. दाराला कपाळ टेकवून ती म्हणाली, "तो काळाच होईन, मामाजी. काल म्या पाकीट उजेडात उघडलं. तुमचं काही चुकलं नाही, सारं माह्या हातून झालं. मले काय बोलाचं ते बोला, पण आता मी मशीनवर काढून देते त्यायले फोटो."

आतल्या नळाचा आवाज थांबला. कडी सरकली. दार वीतभर उघडलं आणि पांढऱ्या ट्यूबलाइटचा लख्ख उजेड सायलीच्या तोंडावर आला. जगदेवरावांच्या मागे, ट्रेमधल्या साध्या पाण्यात, तिच्याच मशीनवर छापलेले शालिकराम तरंगत होते.

"हळू बोल, पोरी," जगदेवराव ओट्याकडे बघत कुजबुजले. "तो कागद सहा वर्सांआधीच बाद झाला."