तीस सेंटिमीटर

"अडतीस जणांचे फुगे तीस सेंटिमीटरवर थांबतात, आणि तुझेच तेवढे जवळ येतात होय गं?" अस्मिता मॅडमनी जर्नल उल्कापुढं आपटलं.

वाघोलीचं ज्युनिअर कॉलेज, बारावीचा वर्ग. प्रयोग साधाच. मुठीएवढे दोन फुगे लोकरीवर घासायचे, दोऱ्यांनी एकाच खिळ्याला टांगायचे. ते एकमेकांना ढकलतात. मधलं अंतर मोजायचं, त्यावरून फुग्यावर चार्ज किती, त्याचा अंदाज काढायचा. काल मॅडमना मीटिंग होती. जाताना सांगून गेल्या, लॅबच्या दत्तोबामामांकडून प्रत्येकानं दोन नवे फुगे घ्या आणि ज्याचं त्यानं करा.

अडतीस जर्नलांत तीस. उल्काच्या जर्नलात तीस, सव्वीस, एकवीस, सतरा. दर दहा मिनिटांनी एक आकडा.

"मॅडम, ते हळूहळू सरकत होते. मी डबापण नाही खाल्ला, बघतच बसले. तो चार्ज जातो कुठं?"

"मोबाईल लावला असशील त्याला," मागनं सौमित्र बोलला. वर्ग खो खो हसला.

"एक आकडा हवाय मला, उल्का. गोष्ट नको," मॅडम म्हणाल्या. "तीस ठेव, बाकीचे खोड. नाहीतर सही नाही. आणि सही नाही, तर प्रॅक्टिकलला बसायचं नाही."

उल्कानं खोडरबर काढलं. सव्वीसवर टेकवलं. हात काही हलेना.

दत्तोबामामा मागं कपाट पुसत होते. फडकं खांद्यावर टाकून ते पुढं आले आणि फुग्यांचं पाकीट त्यांनी टेबलावर ठेवलं.

"काल सकाळी फोडलं, मॅडम. पन्नासचं आहे. एवढ्या पोरांना पुरायचं नाही म्हणून दुसरंपण काढून ठेवलं होतं. ते फोडायची वेळच आली नाही."

"मग काल का नाही बोललात?"

"मला कोण विचारतंय?"

मॅडमनी पाकीट ओतलं आणि मोजायला घेतलं. सौमित्र एकदम दप्तरात काहीतरी शोधायला लागला. बाकीच्यांच्या माना खाली. शेवटचा फुगा अठ्ठेचाळिसावा निघाला.

मॅडमनी लाल पेनाला टोपण लावलं, ढिगातले दोन फुगे उचलले, आणि एक स्वतःच फुगवायला घेतला. मधेच थांबून म्हणाल्या, "उल्का, ये इकडं. ते खोडरबर ठेव आणि घड्याळ लाव. बघू, कुठं जातो तो चार्ज."