दर सहा महिन्यांनी एक चूक

बुद्धप्रियाच्या प्रबंधात दर सहा महिन्यांनी एक नवी चूक निघत असे, आणि ती नेहमी मागच्या वेळी बिनचूक असलेल्या पानावर असे.

डॉ. शेषेरावांनी या खेपेस तिचे चारही सहामाही अहवाल टेबलावर शेजारी शेजारी मांडले. विषय, लोहा आणि कंधार तालुक्यांतल्या बोअरच्या पाण्यातले फ्लोराइड. एकदा दशांशचिन्ह सरकलेले, एकदा दोन गावांची अदलाबदल, एकदा आलेख उलटा, आता बेरीज चुकलेली. निष्काळजी विद्यार्थी एकाच जागी पुन्हा पुन्हा ठेचकाळतो. ही कधीच नाही.

त्यांना निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती. विभागाचा शिरस्ता असा, की शेवटचा विद्यार्थी प्रबंध सादर करीपर्यंत मार्गदर्शकाची खोली त्याच्याकडेच राहते. बुद्धप्रिया शेवटची. तिच्यासाठी ते रोज लोह्याहून बसने नांदेडला येत. गुडघे कुरकुरत, तरी येत. पत्नी लक्ष्मीबाई डबा हाती देत आणि बस नजरेआड होईपर्यंत दारात उभ्या राहत.

"लातूरच्या कॉलेजचे अर्ज शुक्रवारी बंद होतात," ते म्हणाले. "प्रबंध सादर केल्याचं पत्र लागतं. गेल्या वर्षीची जागा अशीच गेली. वय काय तुझं?"

"चौतीस, सर."

"मग काय करून राहिलीस तू?"

"तपासून राहिले, सर. अजून एकदा नमुने..."

"नमुने ठीक आहेत. चुका तू पेरतेस. कुणी अडवलंय? घरच्यांनी?"

"घरचे तर रोज इचारतात, सर, यंदा तरी संपतंय का न्हाई."

"मग सादर कर, पोरी. तू सुटशील, मीही सुटेन. घरी निवांत बसेन म्हणतो."

ती दचकली. मग कपाटातून एक बांधलेला प्रबंध काढून तिने समोर ठेवला. मुखपृष्ठावर दोन वर्षांपूर्वीचा महिना होता. शेषेरावांनी तासभर एकेक पान तपासले. चूक नव्हती. त्यांनी सही केली.

"पत्र आजच घे. आणि आता कारण सांग."

"काकू आल्या होत्या, सर. तुम्ही निवृत्त झालात, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात. हात धरून म्हणल्या, 'बाई, तुझं झालं की यांची खोली जाईल. जमेल तेवढं लांबव. लई उपकार होतील.' मला न्हाई म्हणवलं न्हाई."

"पण का?"

"मीही तेच इचारलं. त्यांनी पिशवीतून एक वही काढली. अक्षर तुमचं होतं, सर."

निवृत्तीनंतर घरी काढलेल्या पहिल्या आठ दिवसांत शेषेरावांनी लक्ष्मीबाईंच्या प्रत्येक भाकरीचा व्यास मोजून वहीत नोंदवला होता, आणि आठव्या दिवशी खाली तारखेसह शेरा लिहिला होता: प्रगती असमाधानकारक.