पंक्चर झाली तर

ट्रायथलॉन रविवारवर आली, तरी वाशिंदच्या हर्षितचे टायर ठरत नव्हते. धरणाकाठच्या टपरीवर तो मित्राला तेच ऐकवत होता. "क्लिंचर जड, पण आतली ट्यूब रस्त्यात बदलता येते. ट्युब्युलर हलका, पण रिमला चिकटवलेला. पंक्चर झाला की संपलं सगळं!"

चहा देताना अंबूबाईने विचारलं, "पोहायचं पण हाय ना रे त्यात?"

"आधी पोहायचं, मग सायकल."

"मग बरं हाय. पंक्चर झालीच तर जमिनीवर व्हईल."

दोघं खो खो हसले.

अंबूबाई पाण्यापलीकडच्या पाड्याकडे बघत म्हणाली, "आमच्याकडं पूल नाय. ट्रकच्या ट्यूबवर बसून येतो आमी. सुनेची भर पाण्यात पंक्चर झाली."